विकणे आहे, भाड्याने नाही

रविवार, ११ जुलै १९८२

ही वही हर्लिंदाने मला तीन राजांच्या सणाला दिली, म्हणजे जानेवारीत. त्याच दिवशी लिहायला बसणार होतो, पण पेन नव्हतं. पेन मिळालं तोवर मी काम्पेचेला कोळंबीच्या बोटीवर होतो, आणि हलत्या बोटीवर अक्षर बिघडतं. मग मी बोट सोडली. (बोटीनेच मला सोडलं असं तिथला मुकादम सांगेल, पण तो ही वही वाचणार नाहीये.) मग एका सर्कशीत तिकिटं फाडली. मग आजारी पडलो. मग बरा झालो, आणि धडधाकट माणसाने घरात बसून लिहीत राहणं म्हणजे तब्येतीचा अपमान.

आता मात्र रोज लिहिणार. कारण आता प्लॅन आहे.

माझ्या बहिणीला, हर्लिंदाला, सप्टेंबरात बाळ होणार. पहिलंच. बाळाला रस्त्याकडची खोली हवी. त्या खोलीत माझे कॉमिकचे खोके आहेत, जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत. दुधाचे दात पडायच्या आधीपासून जमवलेत. मी देशभर फिरलो, खोके इथेच ओरिसाबाला राहिले. कुणी पत्ता विचारला की मी याच घराचा देतो. हर्लिंदा म्हणते, तो तू खोक्यांचा पत्ता देतोस, माझा नाही. तिला असं बोलायची सवय आहे.

पाळणा सुताराकडे तयार होऊन पडलाय. आणून ठेवायला जागा नाही. ती म्हणाली, बाळ यायच्या आत खोली रिकामी पाहिजे, नाबोर. विक, वाट, जाळ, पण रिकामी कर.

जाळ म्हणाली. एवढ्या किमतीचा माल.

तर विकणार. जुन्या कॉमिकला राजधानीत वेड्यासारखा भाव आहे, हे मला सर्कशीतल्या जोकरने सांगितलंय आणि तो कामाच्या वेळेबाहेर कधी थट्टा करत नसे. अर्धे पैसे बाळाला. अर्ध्यात मोटरसायकल, आणि मोटरसायकलवरून ग्वाटेमाला. महिन्याभरात सगळं उरकेल. ऑगस्टमध्ये करायचं काय, हाच प्रश्न.

फुटबॉलची फायनल सुरू होतेय. बाकी नंतर.

संध्याकाळी: इटली जिंकली. मेव्हणा चेंचो जर्मनीवर बिअरची पेटी हरला. त्याचं तोंड बघून खोक्यांचा विषय काढला नाही.

सोमवार, १२ जुलै

भाव लावायला सुरुवात. शास्त्रशुद्ध पद्धत. तीन वर्ग. अ म्हणजे कोरं करकरीत, ब म्हणजे वाचलेलं, क म्हणजे चेंचोने गरम भांड्याखाली घेतलेलं.

पहिलाच हाती आला तो 'तुफान तोरिबिओ'चा अंक पहिला. वाचल्याशिवाय कंडिशन कळणार कशी? वाचला. पण पहिल्याच्या शेवटी मुखवटेवाला पैलवान तोरिबिओ विहिरीत एका बोटावर लटकत असतो. त्याला तसा सोडून मी भाव कसला लावू? दुसरा वाचला.

दिवेलागणीपर्यंत तोरिबिओ विहिरीतून निघाला, सिनेटरच्या मुलीच्या प्रेमात पडला, आणि पुन्हा विहिरीत पडला. भाव लावलेले अंक: एकही नाही. पण मालाचा अभ्यास झाला.

बुधवार, १४ जुलै

आज मात्र झपाटा. भाव कव्हरवरच लिहितोय, उजव्या कोपऱ्यात, ठळक, भोवती गोल. बॉलपेनने. शिसपेन्सिल पुसली जाते आणि मग गिऱ्हाईक हुज्जत घालतं.

हर्लिंदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अरे, कव्हरवर कशाला? चिठ्ठी चिकटव की. मी म्हटलं, चिठ्ठी निघते. ती म्हणाली, निघावी म्हणूनच चिकटवतात. तिच्याशी वाद घातला नाही. या दिवसांत बायकांना जपावं लागतं. शिवाय धंद्यातलं तिला काय कळतं.

मंगळवार, २० जुलै

मधले दिवस लिहिलं नाही, कारण मधले दिवस 'अभागी ओफेलिया' निघाली. ही मी घेतलेली नाही. कशी आली माहीत नाही. पहिल्या अंकापासून सलग आहे. अनाथ ओफेलिया, कपटी मावशी, आंधळा डॉक्टर. फालतू प्रकार. खोलीत धूळ फार, डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं.

चेंचो रेल्वेच्या कारखान्यातून आला, म्हणाला, काय मेव्हणेबुवा, आज किती खोके कमी झाले? मी म्हटलं, आज वर्गीकरण. तो म्हणाला, काल काय होतं? काल पूर्व-वर्गीकरण. तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

राजधानीतल्या जुन्या बाजारात डॉन एवोदिओ नावाचे मोठे व्यापारी आहेत, फक्त कॉमिकचे. जोकरनेच नाव दिलं होतं. त्यांना पत्र टाकलं: माल दुर्मिळ, भाव लावून तयार, लवकर या, गर्दी होतेय.

गर्दी अजून नाही. पण पत्र पोचेपर्यंत होईल.

रविवार, २५ जुलै

झाली!

दारात टेबल मांडलं, 'अ' माल समोर. समोरच्या डोन्या तेक्ला रोज सकाळी त्यांच्या दाराशी पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे तामाल आणि कॉफी विकतात. त्या एप्रनला हात पुसत आल्या, ओफेलियाचे दोन अंक उचलले, भाव बघितला, आणि घासाघीस न करता पैसे ठेवले. डोन्या तेक्ला. ज्या बाई चर्चच्या मेणबत्तीलाही भाव पाडून मागतात. त्यांच्या मागोमाग न्हाव्याने तोरिबिओ घेतला, मग शिंप्याच्या बायकोने ओफेलियाचे आणखी दोन. मी भाव कमी लावले की काय, अशी शंका येतेय.

मिळालेल्या पैशांत मोटरसायकलचा आरसा घेतला. जुनाच, पण क्रोम झकास. सुरुवात कुठून तरी करायला हवी.

हर्लिंदाला आरसा दाखवला. ती म्हणाली, यात खोके दिसतायत.

सोमवार, २६ जुलै

एक छोटी अडचण.

सकाळी डोन्या तेक्ला आल्या. ओफेलियाचे दोन्ही अंक टेबलावर ठेवले, म्हणाल्या, वाचले रे. ती मावशी सापाची जात आहे. आता माझे पैसे दे, अंकामागे एक पेसो कापून घे.

मी म्हटलं, डोन्या तेक्ला, ते तुम्ही विकत घेतलेत.

विकत? मी काय करू विकत घेऊन, तामाल गुंडाळू? वाचून झाले म्हणजे झाले. पुढचे दोन दे.

मग उलगडा झाला. आमच्या गल्लीत कॉमिक कुणी विकत घेतच नाही. बागेजवळच्या स्टॉलवर जायचं, बाकावर बसायचं, पेसो द्यायचा, वाचून परत करायचं, आपापल्या कामाला लागायचं. कित्येक वर्षं असंच चाललंय. मी लावलेली किंमत बघून सगळ्यांना वाटलं की हा घरी न्यायला देतो म्हणून अनामत घेतोय. अनामत जबर आहे, पण पोरगा भटक्या, विश्वास कुणावर ठेवेल, अशी त्यांनी माझ्या बाजूने समजूतही घातली एकमेकांची.

दुपारपर्यंत न्हावी आला, शिंप्याची बायको आली. सगळा माल परत. पैसे मात्र आरशात होते. हर्लिंदाने बाळाच्या कपड्यांसाठी ठेवलेल्या डब्यातून दिले. ते मी तिला देणारच आहे, त्यामुळे इथे आकडा लिहायची गरज नाही.

धडा: गिऱ्हाईकाशी स्पष्ट बोलावं. पुठ्ठ्यावर लाल रंगाने पाटी केली. विकणे आहे, भाड्याने नाही.

रविवार, १ ऑगस्ट

पाटी लावून बसलो. लोक थांबून वाचतात आणि हसतात. न्हावी म्हणाला, चांगली आहे, ही तुझी की सर्कशीतली?

विक्री नाही. मात्र शिंप्याच्या बायकोने विचारलं, आंधळ्या डॉक्टरला शेवटी दिसतं का, तेवढं तरी सांग. मी म्हटलं, विकत घ्या, कळेल. तिने दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे आता मागणी तयार होतेय.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

पेसो घसरला. सगळीकडे तोच विषय. डॉलरला आता दोन भाव आहेत म्हणे, एक खरा आणि एक सरकारचा. डोन्या तेक्लांनी तामाल महाग केले, बस महागली, चेंचोची सिगारेट महागली. तोरिबिओच काय म्हणून जुन्या भावात राहणार?

सगळे भाव बदलायचे. जुना आकडा खोडून, बाजूला नवा, भोवती गोल. म्हणजे गिऱ्हाईकालाही कळेल की माल चढता आहे. बसलो कामाला. ओफेलियाचे भाव जरा जास्तच चढवले. ती फार सोसते.

हर्लिंदा सुताराकडे जाऊन आली. त्याची कोंबडी पाळण्यात अंडी घालायला लागलीय. सुतार म्हणाला, बाई, पाळणा नेता का, नाहीतर पिल्लं बाहेर पडेपर्यंत आता मला हलवता येणार नाही. तिने हे मला जेवताना सांगितलं, चेंचोला नाही, मला. मी म्हटलं, पंधरा तारखेपर्यंत खोली मोकळी. ती म्हणाली, कुठल्या महिन्याच्या?

शनिवार, १४ ऑगस्ट

भाव बदलून संपले. आज कळलं की पेसो पुन्हा घसरलाय. पुन्हा खोडले, पुन्हा लिहिले. आता प्रत्येक कव्हरवर तीन आकडे आहेत. तोरिबिओच्या पहिल्या अंकावर जागा उरली नव्हती म्हणून तिसरा आकडा त्याच्या मुखवट्यावर लिहिला. कपाळावर. शोभतो.

सोमवार, १६ ऑगस्ट

संकट. आठवडाभर ती बारीक झिमझिम चालू होती, आमच्याकडे चालूच असते. खिडकीतून पाणी आत आलं आणि खालच्या ओळीतले खोके ओले झाले. तोरिबिओला बुरशी. ओफेलिया एकमेकींना चिकटल्या.

चेंचो म्हणाला, मेव्हणेबुवा, देवानेच निकाल लावला, आता टाकून द्या. त्याने कधी काही जमवलेलंच नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, बायको आहे, घर आहे, आणखी काय जमवू.

मंगळवार, १७ ऑगस्ट

ऊन पडलं! हर्लिंदाची कपडे वाळत घालायची दोरी खिडकीच्या गजांपासून विजेच्या खांबापर्यंत बांधली, डबाभर चिमटे घेतले आणि ओले अंक एकेक करून रस्त्याकडच्या भिंतीवर टांगले. मग कॉफी प्यायला आत गेलो. आत बसल्या बसल्या 'तोरिबिओ'चे दोन अंक चाळले, वाळलेत का बघायला.

बाहेर येतो तर गल्लीतले अर्धे लोक फुटपाथवर बसून वाचतायत.

दोरीवर चिमट्याने कॉमिक टांगलं की ते भाड्याचं, हे इथे तान्ह्या पोरालाही कळतं. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, मलाच कळत नाही. न्हाव्याने आपली खुर्ची उचलून आणली होती. शिंप्याची बायको आंधळ्या डॉक्टरपर्यंत पोचली होती आणि शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. डोन्या तेक्लांनी तामालची शेगडीच रस्ता ओलांडून आमच्या भिंतीशी आणली. टेबलावर हर्लिंदाचा शिवणाचा डबा होता, त्यात प्रत्येकाने आपणहून पेसो टाकला.

आणि पाटी? पाटी त्यांच्या डोक्यावर लटकत होती. विकणे आहे, भाड्याने नाही. न्हावी ती बघून पुन्हा हसला.

शुक्रवार, २० ऑगस्ट

मी मुळातच चुकीच्या दिशेने विचार करत होतो, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. विकलेला माल एकदाच पैसे देतो. भाड्याचा माल जन्मभर. चेंचोच्या फळ्यांचे दोन बाक केले. तामालच्या तेलाचे डाग थोडे पडतात, पण डाग म्हणजे वाचकाची पावती.

हर्लिंदाला हिशेब समजावला: धंदा चालला म्हणजे माल हवा, माल हवा म्हणजे गोदाम हवं, तेव्हा खोली तूर्त रिकामी करणं व्यापाराच्या दृष्टीने आत्मघात आहे. ती शिवत होती. मान वर न करता म्हणाली, बरं. मग बाळ आलं की त्यालाही चिमटा लावून दोरीवर टांगते. वाचून झालं की लोक परत आणून देतील.

विनोदबुद्धी आमच्या घराण्यातच आहे.

मंगळवार, २४ ऑगस्ट

डॉन एवोदिओंचं पत्र! शनिवारी येतायत, राजधानीहून, स्वतः. अक्षर काय सुरेख. 'आपल्याकडे तुफान तोरिबिओचा अंक पहिला असल्यास तो कृपया कुणालाही हाताळू देऊ नये.'

न्हाव्याकडून तो अंक परत घेतला. त्याने खुणेसाठी त्यात कंगवा घातला होता.

प्लॅन पुन्हा बदलला, म्हणजे मूळ प्लॅनवर आला. सगळा माल डॉन एवोदिओ घेणार, शनिवारी संध्याकाळी खोली रिकामी, रविवारी पाळणा. हर्लिंदाला तसं सांगितलं. तिने पहिल्यांदाच माझ्यासाठी भाजलेल्या मिरच्यांची चटणी वाटली. खोली कुठल्या रंगाने रंगवायची, हे ती आणि चेंचो जेवण होईपर्यंत बोलत होते. चेंचोला निळा हवाय. तिला पिवळा. मी मध्ये पडलो नाही, पण पिवळाच बरा.

शनिवार, २८ ऑगस्ट

डॉन एवोदिओ सकाळच्या बसने आले. करडा सूट, पातळ मिशी, खिशात भिंग. येताच हॅट काढून खोलीला नमस्कार केल्यासारखं केलं. मला माणूस आवडला.

मी अंक पहिला त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं. मग खूप हळू आवाजात विचारलं, हे कोणी केलं?

मी म्हटलं, काय?

त्यांनी तोरिबिओच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, तो तिसरा भाव आहे, पेसो घसरल्यामुळे. पहिला भाव कोपऱ्यात आहे.

ते म्हणाले, बॉलपेन. आणि खोक्यावर बसले. मी पाणी दिलं. मग त्यांनी दुसरा अंक बघितला, तिसरा बघितला, ओफेलिया बघितली, चिमट्यांच्या खुणा बघितल्या. एका पानातून तामालचा तुकडा पडला, तो त्यांनी उचलून बशीत ठेवला. म्हणाले, बाळा, सगळ्यांवरच लिहिलंस? मी म्हटलं, अर्धवट काम मला जमत नाही.

मी त्यांना ग्वाटेमालाचं सांगितलं, मोटरसायकलचं सांगितलं. ते म्हणाले, या एका अंकात तुझी मोटरसायकल आली असती. आता फार तर आरसा येईल.

मी म्हटलं, आरसा आहे माझ्याकडे. आणून दाखवला. त्यांनी त्यात स्वतःकडे बघितलं आणि मिशीवरून हात फिरवला.

शेवटी म्हणाले, मला काही घेता येणार नाही. रद्दीवाला किलोवर नेईल.

हर्लिंदा दारात उभी होती. तिने ऐकलं. आत गेली.

डॉन एवोदिओंची बस दुपारची होती. तोवर काय करणार, म्हणून बाकावर बसले आणि दोरीवरून ओफेलियाचा एक अंक काढला. डोन्या तेक्ला म्हणाल्या, तो नका घेऊ, मधूनच काय वाचता? आधी पाद्र्यापुढची कबुली वाचा, तीन अंक मागे. त्यांनी तीन अंक मागे वाचला. मग पुढचा. डोन्या तेक्लांनी त्यांना दोन तामाल दिले, त्यांनी ते सुटावर न सांडता खाल्ले. एकदा ते म्हणाले, मावशीने विष कॉफीत घातलंय, डॉक्टरला दिसत नाही, कोणीतरी सांगा त्याला. शिंप्याची बायको म्हणाली, कळ काढा.

बस गेली. ते संध्याकाळच्या बसने गेले. जाताना भिंग खिशात ठेवलं, रुमालाने डोळे टिपले, डब्यात पेसो टाकले, आणि पुढच्या महिन्यात इकडे काम निघण्यासारखं आहे असं म्हणाले.

तीस वर्षं धंद्यात मुरलेला व्यापारी, राजधानीतून माझं कॉमिक वाचायला आला. एकूण दिवस वाईट गेला असं म्हणता येणार नाही. एकही अंक गेला नाही आणि का कोण जाणे, दोन पोळ्या जास्त गेल्या.

जेवणानंतर: हर्लिंदा खोलीत एका खोक्यावर बसली होती. मला वाटलं टोमणा येणार, मी उत्तरही तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, मला बाळाला कुठेतरी ठेवायचंय, नाबोर. एवढंच. आवाज चढवला नाही.

हे मला आवडलं नाही. टोमणा बरा होता.

चेंचोने मला बाहेर बोलावलं. मेव्हणेबुवा म्हणाला नाही. म्हणाला, नाबोर, मी सोमवारी खोके रस्त्यावर ठेवणार आहे. तू ठेवलेस तर बरं दिसेल.

तर ठरलं. सोमवारी रद्दीवाला. सगळे. तोरिबिओसकट, ओफेलियासकट. मला त्या कागदांचं तसं काही नाही. बोटीवर होतो तेव्हा झोप येईना की डोळे मिटून खोके मोजायचो, कुठल्यात काय आहे ते आठवायचो, एवढंच. ते मी खोके नसले तरी करू शकतो.

इथे लिहून ठेवतो, म्हणजे पक्कं. सोमवार. नक्की.

रविवार, २९ ऑगस्ट

सोमवारची वाट कशाला, म्हणून सकाळीच उठून दोन खोके दारापर्यंत आणले. तिसरा आणताना त्यात एक अंक दिसला जो मला आठवतच नव्हता. चौथ्या पानावर होतो.

तेवढ्यात हर्लिंदा भिंतीला धरून बाहेर आली आणि म्हणाली, चेंचो. दोनदाच म्हणाली. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. डोन्या तेक्लांनी तिचा चेहरा बघितला, शेगडी खाली उतरवली, दोरीवरचे अंक एका हाताने ओढून काढले आणि लोकांना म्हणाल्या, दुकान बंद. घरी जा. तू नाही रे, तू पाणी तापव.

दोन आठवडे तरी आधी. कोणाचीच तयारी नाही.

चेंचो सुईणीला, डोन्या प्राक्सेदिसना, घेऊन आला आणि तसाच पाळणा आणायला पळाला. परत आला तो हात हलवत. सुताराच्या दाराला कुलूप, सगळं घर कोर्दोबाला नामकरणाला गेलंय. चेंचो म्हणाला, कुंपणावरून पाळणा दिसतो, कोंबडी पण दिसते. मग तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि मोजल्यासारखा स्वतःची बोटं बघत राहिला. मी त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, निळा रंग आणूनही ठेवलाय मी. हर्लिंदाला सांगू नकोस.

डोन्या प्राक्सेदिस आतून ओरडल्या, बाळाला ठेवायला काहीतरी आणा. परडी, टोपली, खोका, काहीही, पण कोरडं.

खोके माझ्याकडे होते. कोरडे म्हणजे वरच्या ओळीतले. मी विचारलं, मोठा हवा की मधला? अ-वर्गाचा मजबूत आहे, पण तो रिकामा करायचा तर क्रम बिघडेल. त्या हात पुसत बाहेर आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं, अ-वर्गाचा खोका उचलला आणि जागच्या जागी पालथा केला. तोरिबिओ सगळ्या घरभर. खोका झटकला, चादर घातली, आत गेल्या.

मी अंक गोळा करायला वाकलो. मग ऐकू आलं.

मुलगी. आवाज असा की समोरच्या फुटपाथवर न्हाव्याने हॅट काढली. घरी जा सांगितलं होतं तरी कोणी गेलंच नव्हतं. चेंचो रडला, डोन्या तेक्ला रडल्या, शिंप्याच्या बायकोला तर निमित्तच हवं असतं. मी आत डोकावलो. हर्लिंदा घामाने भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले. खोक्यात एवढंसं लाल तोंड. खोक्याच्या बाजूवर माझ्याच अक्षरात, बॉलपेनने: वर्ग अ, हाताळू नये. हर्लिंदाने ते वाचलं आणि हसायला लागली, आणि मग तिला हसवेना, म्हणाली, बाहेर जा रे, दुखतंय.

आता बाहेर पायरीवर बसून लिहितोय. मन शांत आहे. खोका गेला तर गेला. एकच तर आहे. पिल्लं बाहेर पडली की पाळणा येईल, खोका परत मिळेल, तोवर तोरिबिओ माझ्या पलंगाखाली राहील. बाकीचे उद्या रद्दीवाल्याला. किंवा बाळबाळंतिणीला पाच-सहा दिवस आवाज नको, म्हणून पुढच्या सोमवारी.

थोड्या वेळाने: आत पुन्हा धावपळ. चेंचो उभा राहिला, बसला, उभा राहिला. डोन्या प्राक्सेदिस दारात आल्या, बाह्या वर केलेल्या. म्हणाल्या, पोरा, आणखी एक खोका रिकामा कर.

मी विचारलं, कशाला?

म्हणाल्या, अजून एक आलाय.